कॅचर, केमिस्ट्रीची लॅब आणि छोटं कॉलेज : एका प्रवेशाचं प्रकरण

माझा भाचा न्यू जर्सीतल्या एका पब्लिक हायस्कूलच्या बेसबॉल टीमचा कॅचर, म्हणजे क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू, होता. २०२४ च्या उन्हाळ्यात तो अकरावी संपवून बारावीत जाणार होता. मार्क उत्तम, केमिस्ट्री मनापासून आवडीची, आणि हातातला मिट (ग्लोव्ह) काही केल्या सोडायचा नाही, असं त्याचं एकंदर. आईवडील दोघेही नोकरी करणारे, मूळचे सांगलीचे. घरात बेसबॉल कुणी खेळलेलं नव्हतं, कॉलेजात खेळण्यासाठी अर्ज कसा करतात हेही ठाऊक नव्हतं. फॉर्म आणि आकडेमोड माझ्याकडे आल्यामुळे हे सगळं मी फार जवळून पाहिलं.

अमेरिकेतल्या मराठी घरांत बेसबॉल, सॉफ्टबॉल, लॅक्रॉस खेळणारी मुलं आता वाढताहेत, आणि प्रत्येक घर हा गुंता पहिल्यापासून सोडवत बसतं. म्हणून हे एक प्रकरण तपशिलात मांडते आहे. भाच्याचं नाव दिलेलं नाही, आणि ज्या दोन छोट्या कॉलेजांमधून त्याला निवड करायची होती त्यांचीही नावं दिलेली नाहीत. बाकी जिथं नावं आली आहेत ती सर्वांना माहीत असलेल्या गोष्टींची आहेत.

समोर आलेले रस्ते

पहिला रस्ता डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेजांमधल्या खेळाच्या सर्वांत वरच्या विभागाचा. एका मध्यम दर्जाच्या विद्यापीठाच्या कोचने त्याला 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून येण्याबद्दल विचारलं होतं. याचा अर्थ टीममध्ये जागा धरून ठेवू, पण पैसे देणार नाही. ऐकताना छाती फुगते, पण त्या वर्षी डिव्हिजन वनचं चित्रच बदलत होतं. खेळाडूंना पैसे देण्यासंबंधीच्या हाउस खटल्यातली तडजोड येऊ घातली होती. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना बेसबॉलच्या टीममध्ये ३४ पेक्षा जास्त मुलं ठेवता येणार नव्हती. त्याआधी ४० पर्यंत ठेवता येत. जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोडीला अंतिम मंजुरी दिली, पण कोच मंडळी वर्षभर आधीपासूनच त्या हिशेबाने चालत होती. जागा कमी झाल्या की सगळ्यात आधी गळतो तो पैसे न घेणारा मुलगा. त्यातच दुसऱ्या कॉलेजातून बदली करून येणारे एकवीस-बावीस वर्षांचे तयार खेळाडू कोचला दर उन्हाळ्यात मिळत असतात. अठरा वर्षांच्या कॅचरला पहिल्याच शरदात घरी पाठवलं, तर तो तिथं उरतो एक साधा विद्यार्थी म्हणून, आणि तेही केवळ बेसबॉलसाठी निवडलेल्या जागी. हा पर्याय आम्ही लवकर बाजूला ठेवला.

दुसरा रस्ता रटगर्सचा. राज्याचं विद्यापीठ, केमिस्ट्रीचा विभाग मोठा, आणि न्यू जर्सीत राहणाऱ्यांना राहण्याजेवणासकट वर्षाला साधारण ३५ ते ४० हजार डॉलर. तिथली मुख्य टीम बिग टेन या डिव्हिजन वनच्या तगड्या गटात खेळते, त्यामुळे तिथं शिरकाव होणं अवघड, पण क्लब बेसबॉल, म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेल्या टीममधून, खेळता आलं असतं. हा पर्याय शेवटपर्यंत टेबलावर होता आणि मला तो आजही भक्कम वाटतो. पैशांची ओढाताण असलेल्या घराने तो डोळे झाकून घ्यावा.

तिसरा रस्ता छोट्या कॉलेजांचा, म्हणजे डिव्हिजन थ्रीचा. आपल्याकडे याबद्दल सर्वांत कमी माहिती असते, म्हणून इथं थोडं थांबते.

डिव्हिजन थ्री म्हणजे काय

कॉलेजांमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा हा सर्वांत मोठा विभाग, चारशेहून अधिक कॉलेजांचा. यात खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, एक डॉलरही नाही. मदत मिळते ती घरच्या आर्थिक स्थितीवर किंवा अभ्यासातल्या गुणवत्तेवर, आणि ती ठरवताना मुलगा खेळतो की नाही हे पाहायला नियमानेच बंदी आहे. नियमित सीझनमध्ये जास्तीत जास्त ४० सामने. डिव्हिजन वनमध्ये हाच आकडा ५६ आहे. सोळा सामन्यांचा हा फरक म्हणजे किती प्रवास, किती बुडालेले तास, हे एप्रिलमध्ये कळतं.

'थ्री' म्हटलं की आपल्याकडे लोकांना तिसऱ्या दर्जाचं वाटतं. भाच्याच्या वडिलांनाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. खरं तर अमेरिकेतला कॉलेजांमधला पहिला बेसबॉल सामना आज डिव्हिजन थ्रीमध्ये असलेल्या दोन कॉलेजांनीच खेळला. १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्डला अ‍ॅम्हर्स्टने विल्यम्सला ७३–३२ असं हरवलं. नियम त्या काळचे, म्हणून धावा इतक्या. दुसऱ्या दिवशी त्याच दोन कॉलेजांमध्ये बुद्धिबळाचा सामना झाला, तोही अ‍ॅम्हर्स्टने जिंकला. खेळ आणि अभ्यास यांची सांगड या कॉलेजांत इतकी जुनी आहे.

खेळाचा दर्जाही कमी नसतो. कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने २००८ मध्ये ४५ विजय आणि फक्त १ पराभव अशा सीझननंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हा उपविजेतं होतं जॉन्स हॉपकिन्स, जिथली बहुतेक मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर होण्याच्या मागे असतात. व्यावसायिक मेजर लीगमधल्या वॉशिंग्टन नॅशनल्सकडून २०१४ मध्ये नो-हिटर टाकणारा, म्हणजे सामनाभर समोरच्यांना एकही हिट न देणारा, जॉर्डन झिमरमन विस्कॉन्सिनच्या स्टीव्हन्स पॉइंट या डिव्हिजन थ्री कॉलेजातून आला. असे खेळाडू विरळाच, आणि तेवढ्यासाठी कुणी हा रस्ता धरू नये. मैदानाबाहेर मात्र या कॉलेजांचा ठसा ठळक आहे. २०१३ मध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्सने वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा त्यांचा जनरल मॅनेजर, म्हणजे टीम बांधणारा माणूस, असलेला बेन चेरिंग्टन अ‍ॅम्हर्स्टचा. रेड सॉक्सचाच त्याआधीचा एक जनरल मॅनेजर डॅन डुकेट अ‍ॅम्हर्स्टचा. नील हंटिंग्टनही अ‍ॅम्हर्स्टचाच. हा हंटिंग्टन पिट्सबर्गच्या पायरेट्सचा जनरल मॅनेजर असतानाच, २००८ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन मुलांना पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्डमधून जॉश बर्न्स आणि थॅड लेव्हिन हे जनरल मॅनेजर झाले. हॅवरफर्डमध्ये जेमतेम चौदाशेच्या आसपास विद्यार्थी, आणि अमेरिकेतली एकमेव व्हार्सिटी, म्हणजे कॉलेजची अधिकृत, क्रिकेट टीमही तिथंच. सांगलीला फोनवर हे सांगितल्यावर आजोबांचा प्रश्न ठरलेलाच होता, की मग याला तिथं क्रिकेटलाच का घालत नाही? विजय हजारेंच्या गावचा माणूस दुसरं काय विचारणार.

छोट्या कॉलेजांची एक अडचणही सांगायला हवी. दीड-दोन हजार मुलांत तीसहून अधिक टीम भरायच्या म्हणजे न्यू इंग्लंडमधल्या अ‍ॅम्हर्स्ट-विल्यम्ससारख्या कॉलेजांत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या टीममध्ये असतात. त्यामुळे खेळणारे एका टेबलावर आणि न खेळणारे दुसऱ्या, अशी फूट पडू शकते. अ‍ॅम्हर्स्टने काही वर्षांपूर्वी या प्रश्नावर स्वतःच अहवाल काढला होता. भाच्याला मी हे आधीच सांगितलं. तो शाळेत सरोद वाजवणाऱ्या मित्रासोबत जेवणारा मुलगा, त्यामुळे त्यालाही ते लागलं, आणि कॉलेज बघायला गेला की डायनिंग हॉलमध्ये कोण कुणाबरोबर बसलंय हे तो बघू लागला.

पैसा

या कॉलेजांचा छापील खर्च त्या वेळी वर्षाला ८५ ते ९० हजार डॉलरच्या घरात गेलेला होता. तो आकडा बघूनच बरीच मराठी घरं पान मिटतात. माझं म्हणणं असं की पान मिटायच्या आधी प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्या घराला किती खर्च येईल याचा अंदाज देणारा फॉर्म, भरा. २०११ पासून तो ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॅक्सचे कागद पसरून एका संध्याकाळी भरले. दोन पगारांच्या घराला गरजेवर आधारलेली मदत फारशी बसत नव्हती. जी नामांकित कॉलेजं फक्त गरज बघतात आणि गुणवत्तेची शिष्यवृत्ती देत नाहीत, तिथं जवळजवळ पूर्ण खर्च दिसला. थोड्या कमी गाजलेल्या, पण मार्कांवर शिष्यवृत्ती देणाऱ्या कॉलेजांत तोच आकडा वर्षाला पंचवीस-तीस हजारांनी खाली आला. भाच्यासमोरच्या दोन कॉलेजांपैकी पहिलं पहिल्या प्रकारचं होतं, दुसरं दुसऱ्या प्रकारचं.

कोच पैशांबद्दल काही बोलला तर ते फक्त 'फायनान्शियल एडवाल्यांशी बोला' एवढंच असतं, आणि तेच योग्य आहे. डिव्हिजन थ्रीत कोचने त्याहून जास्त आश्वासन दिलं तर त्यावर विसंबू नका.

पहिल्या कॉलेजचा होकार

जुलैमध्ये कोच मंडळी मुलाचं ट्रान्सक्रिप्ट (शाळेचं गुणपत्रक), प्रवेश परीक्षेचे गुण आणि बारावीत घेतलेल्या विषयांची यादी मागवून प्रवेश कार्यालयाला आगाऊ दाखवतात. याला प्री-रीड म्हणतात. कार्यालय सांगतं की हा मुलगा बसण्याजोगा आहे, काठावर आहे, की नाहीच. तो प्रवेश नव्हे, पण दिशा नक्की कळते. त्यानंतर ज्या मोजक्या मुलांसाठी कोच शब्द टाकू शकतो, त्यांना तो बहुतेक वेळा एकच अट घालतो. अर्ज अर्ली डिसिजनमध्ये कर. म्हणजे नोव्हेंबरात एकाच कॉलेजला अर्ज, डिसेंबरात निकाल, आणि प्रवेश मिळाला तर जाणं बंधनकारक. मदत अपुरी पडली तरच सुटका.

पहिल्या कॉलेजातून प्री-रीड चांगला आला. नाव मोठं, टीम जोरात. कोचने फोनवर सांगितलं की शब्द टाकतो, पण उत्तर आठवडाभरात हवं. घरात आनंद झाला. मेव्हणे म्हणाले, "ताई, नाव मोठं असलं की पुढं सगळं सोपं जातं. होय म्हणून टाकू." मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. परक्या देशात येऊन स्वतःचं नाव करणाऱ्या माणसाला नावाची किंमत नीट माहीत असते. पण आठवडाभराची मुदत म्हटलं की मी सावध होते.

मी एवढंच सुचवलं, की त्या आठवड्यात दोन्ही कॉलेजांच्या टीमचे मागच्या चार वर्षांचे रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या याद्या, काढू. ते सगळ्यांना उघड असतात, कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या साइटवर. प्रत्येक मुलाची जागा, वर्ष, गाव, आणि बऱ्याच ठिकाणी मेजरही, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दिलेला असतो. ही यादी टीमच्या जिंक-हारीपेक्षा कितीतरी जास्त सांगते, आणि कुणीही आई-बाप ती वाचू शकतात.

पहिल्या कॉलेजात दरवर्षी दहा-बारा नवी मुलं येत होती आणि चौथ्या वर्षापर्यंत तीन-चारच उरत होती. बाकीची गेली कुठं? काहींना दुखापत झाली असेल, काहींना कंटाळा आला असेल, पण दरवर्षी तोच प्रकार असेल तर त्याला एकट्यादुकट्याचं कारण पुरत नाही. मेजरच्या रकान्यात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र भरपूर, केमिस्ट्री एकही नाही. बायोलॉजी एक, तोही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शिवाय कॅचर पाच. मैदानावर कॅचर एकाच वेळी एकच असतो. शॉर्टस्टॉपसारख्या क्षेत्ररक्षकाला जमलं नाही तर तो सेकंड बेसवर किंवा आउटफिल्डमध्ये सरकू शकतो, कॅचरला तसं सरकायला फारशी जागा नसते. पाचव्या कॅचरने चार वर्षं बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानाच्या कडेला, पिचरांचे सरावाचे चेंडू झेलत बसायचं.

दुसऱ्या कॉलेजात दरवर्षी सात-आठ नवी मुलं, आणि चौथ्या वर्षात पाच-सहा. कॅचर तीन, त्यातला एक शेवटच्या वर्षाला. केमिस्ट्रीचे दोन, न्यूरोसायन्सचा एक. टीम मात्र पहिल्याच्या तुलनेत कमी जिंकणारी. हे लपवण्यात अर्थ नाही, भाच्याला ते खुपलंच.

दुपार

माझ्या मते सगळा निकाल दुपारच्या एक ते सात या वेळात लागतो. अभ्यास आणि खेळ यांचा समतोल प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेला असतो, तो खरा आहे की नाही हे वेळापत्रकात दिसतं. केमिस्ट्रीची लॅब दुपारी असते, तीन तासांची, आणि रसायन अर्धवट सोडून उठता येत नाही. सराव साडेचारच्या सुमारास सुरू होतो. कॅचरला त्याआधी पायात गार्ड, छातीला प्रोटेक्टर बांधून पिचरांसोबत बसायचं असतं. ईशान्येकडे मार्चमध्ये बर्फ आणि एप्रिलमध्ये पाऊस, त्यामुळे शनिवारचा डबलहेडर (एका दिवशी दोन सामने) वाहून जातो आणि सामना येतो मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे नेमका लॅबच्या दिवशी. दहा-अकरा आठवड्यांत चाळीसच्या आसपास सामने बसवायचे आणि लगेच मे महिन्यात परीक्षा. या कात्रीत कुणाचं काय कापलं जातं, हे आधी विचारून घ्यायचं.

भाच्याने दोन्ही कोचना एकच प्रश्न विचारला. तो त्याने स्वतः तयार केला होता, याचा मला अभिमान आहे. "मागच्या सीझनमध्ये लॅबमुळे कोण उशिरा आलं, आणि तुम्ही काय केलंत?"

पहिल्या कोचचं उत्तर होतं की आमची मुलं जमवून घेतात. दुसऱ्याने लगेच एका मुलाचं उदाहरण दिलं. गुरुवारी त्याची ऑरगॅनिकची लॅब सव्वाचारपर्यंत चालायची, म्हणून त्या दिवशी त्याचं फलंदाजीचं काम सकाळी सातला व्हायचं आणि तो सरावाला पाचला यायचा. लॅबच्या दिवशी आलेल्या एका सामन्याला तो गेलाच नाही, आणि पुढच्या सामन्यात पहिल्यासारखाच खेळला. कॉलेज पाहायला गेल्यावर भाचा त्या मुलालाच भेटला. गोष्ट तंतोतंत जुळली. शिवाय त्याने एक न विचारलेली माहिती दिली. केमिस्ट्रीच्या प्रत्येक कोर्सला लॅबचे दोन-तीन वार असतात, आणि खेळणाऱ्या मुलांना नावनोंदणीत प्राधान्य नसतं. म्हणून जे अवघड आहे ते शरदातल्या सेमिस्टरला घ्यायचं आणि वसंतात हलकं ठेवायचं. परदेशात एक सेमिस्टर करायचं असेल तर तेही शरदातच. बेसबॉलवाल्याला वसंत मोकळा मिळत नाही.

मेव्हण्यांचा विरोध संपला तो रोस्टर पाहून नव्हे. दुसऱ्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या एका प्राध्यापिकेने त्यांना तिथली उपकरणं दाखवली. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं एनएमआर हे रेणूंची रचना तपासणारं यंत्र स्वतः चालवत होती. मोठ्या विद्यापीठांत अशा यंत्रापर्यंत पोचायला अनेकदा पीएचडीच्या मुलांच्या मागे रांगेत उभं राहावं लागतं. मेव्हणे स्वतः पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले. बाहेर आल्यावर ते बराच वेळ फक्त त्या यंत्राबद्दल बोलत होते.

निर्णय

एक गाठ उरली होती. अर्ली डिसिजनमध्ये अर्ज करायचा म्हणजे इतर कॉलेजांच्या शिष्यवृत्तीशी तुलना करण्याची संधी गेली. त्यातून त्या वर्षी सरकारी आर्थिक मदतीसाठीचा फाफ्साचा फॉर्म ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरात सर्वांसाठी खुला झाला. कॉलेजं स्वतःच्या मदतीसाठी मागतात तो सीएसएस प्रोफाइल हा फॉर्म आम्ही आधीच भरून ठेवला होता. मग दुसऱ्या कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला लिहिलं, की अर्ज करण्याआधी शिष्यवृत्तीचा अंदाज लेखी मिळेल का. बरीच कॉलेजं असा अंदाज देतात, फक्त मागावा लागतो. तो आला, आणि रटगर्सच्या खर्चाशी त्याचा फरक वर्षाला वीस-एक हजार डॉलर निघाला. बहिणीने आणि मेव्हण्यांनी ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातली शिल्लक पाहिली आणि हा फरक आपण चार वर्षं देऊ शकतो, कर्ज न काढता, असं ठरवलं. शक्य नसतं तर मी रटगर्सच सांगितलं असतं, आणि भाच्यालाही ते आधीपासून माहीत होतं.

पहिल्या कोचला भाच्याने स्वतः फोन करून नकार कळवला. मेल पाठवून मोकळं होता आलं असतं, पण बहीण म्हणाली, "ज्यांनी तुझ्यासाठी वेळ दिला त्यांना आवाज ऐकू दे." कोच सभ्यपणे बोलले, शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या कॉलेजचा प्रवेश डिसेंबरात आला.

सध्या तो पहिल्या वर्षात आहे आणि टीमचा तिसरा कॅचर आहे. शरदात गणिताने त्याला चांगलंच दमवलं, केमिस्ट्री व्यवस्थित गेली. वसंतात त्याची लॅब बुधवारी आहे, त्यामुळे बुधवारी तो सकाळी लवकर नेटमध्ये असतो. पुढचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. कोचला वाटतं त्याने न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या समर लीगमध्ये लाकडी बॅटने खेळावं, कारण फलंदाजीत तो अजून मागे आहे. त्याच प्राध्यापिकेकडे दहा आठवड्यांच्या पगारी संशोधनाची एक जागा आहे आणि तिचा अर्ज त्याने भरला आहे. दोन्ही एकाच उन्हाळ्यात होणार नाही. यावर्षी संशोधन आणि पुढच्या वर्षी लीग, असं त्याचं म्हणणं आहे. कोच म्हणाले, चालेल, पण रोज पन्नास स्विंग कॉलेजच्या केजमध्ये घ्यायचे.